एक्केचाळीस नंबरच्या विहिरीची वही

नूरमोरादने आयुष्यातली एकतीस वर्षं दगड कापले, धुतले आणि वाळवले. तेलविहिरीच्या पोटातून, दोन-अडीच हजार मीटर खालून, मनगटाएवढ्या जाडीचे चुनखडीचे दांडे वर यायचे. त्यांतून बोटभर लांबीच्या कांड्या कापायच्या, त्यांत मुरलेलं तेल द्रावकाच्या वाफेवर दिवसेंदिवस काढत बसायचं, मग भट्टीत वाळवून त्या मापायला द्यायच्या. इराणमधल्या अहवाझ शहरात, तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत हे काम सगळ्यांत खालच्या पायरीचं समजलं जाई. शौकतशी त्याचं लग्न झालं तेव्हा तिने विचारलं होतं, "कंपनीत काय करता?" तो म्हणाला, "दगड धुतो." शौकत म्हणाली, "मग घरची भांडीपण धुवा, सवय आहेच."

मापायचं काम उस्ताद गार्निककडे होतं. गार्निक इस्फहानच्या जुल्फा मोहल्ल्यातला आर्मेनियन, अविवाहित, काटकुळा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. तो कांडी दोन धातूच्या चकत्यांमध्ये धरायचा, एका बाजूने आवाजाचा ठोका द्यायचा आणि दुसऱ्या बाजूला पोहोचायला त्याला किती वेळ लागला ते पडद्यावर वाचायचा. पण यंत्राला हात लावण्याआधी प्रत्येक कांडी तो भिंगाखाली धरून बराच वेळ बघे. नूरमोरादला हा नुसता वेळ घालवणं वाटायचं. डोंगरातल्या बख्तियारी मेंढपाळांच्या घरात वाढलेला विशीचा गडी, त्याला दगडात बघण्यासारखं काय आहे तेच कळेना.

एकदा गार्निकने हाक मारली. "डोंगऱ्या, इकडे ये. या दोन कांड्या बघ. दोन्हींत शंभरातले अठरा भाग पोकळी आहे. आवाज कुणातून लवकर जाईल?"

"सारखाच जाईल, उस्ताद."

"मग मी इथे कशाला बसलोय? तुलाच बसवलं असतं की त्यांनी."

पहिलीतून आवाज सेकंदाला पाच हजार दोनशे मीटरच्या वेगाने गेला. दुसरीतून कसाबसा चार हजाराने. नूरमोरादने भिंगातून पाहिलं. पहिल्या कांडीत मोहरीएवढी गोल भोकं होती. समुद्रातले गोल दाणे कधीकाळी विरघळून गेलेले आणि त्यांच्याभोवतीची भिंत मात्र घट्ट उभी. दुसऱ्या कांडीत दाणे शाबूत होते, पण ते एकमेकांना जेमतेम टेकलेले, मध्ये सगळीकडे बारीक, चपट्या फटी.

"घुमटाखाली पोकळीच असते ना?" गार्निक म्हणाला. "म्हणून घुमट दबतो का? आणि फट बघ, नुसतं बोट दाबलं तरी मिटते. आवाज म्हणजे दगडाला दिलेला बारीकसा रेटाच. जो दगड रेट्याला नमत नाही, त्यातून तो धावत जातो. जो नमतो, त्यात रखडतो. वरचे साहेब मला विचारतात, पोकळी किती? कशी आहे, ते एकानेही विचारलेलं नाही."

त्या दिवसापासून नूरमोरादही कांडी कापली की आधी भिंगाखाली धरू लागला. पंधरा वर्षं दोघांनी एका खोलीत काम केलं. दुपारी शौकतने दिलेली रोटी आणि दही नूरमोराद पुढे करायचा, गार्निक जुल्फाहून बहिणीने पाठवलेला गोड पाव मोडून द्यायचा. बहिणीचं नाव सातेनिक. ती शाळेत शिकवायची, आणि तिचं पत्र आलं की गार्निक ते दोनदा वाचून खिशात ठेवायचा.

इराकशी युद्ध सुरू झालं त्या शरदात शत्रूच्या तोफा अहवाझपासून इतक्या जवळ आल्या की दिवसा बोलता बोलता माणसं थांबायची आणि गोळा कुठे पडला ते ऐकून पुढचं वाक्य बोलायची. कंपनीचा हुकूम आला की कारून नदीकाठच्या गोदामातले दगडांचे खोके मस्जिद-ए-सुलेमान गावाला हलवा, एक्केचाळीस नंबरच्या विहिरीचे सर्वांत आधी. त्या विहिरीतून शंभर मीटर सलग दगडी दांडा निघाला होता, तसा पुन्हा कुठे मिळाला नव्हता. ट्रक एकच होता आणि चालवायला नूरमोराद.

सकाळभर दोघांनी खोके चढवले. निम्मा ट्रक भरला असेल, तेवढ्यात गोदामामागच्या कामगारवस्तीवर दोन गोळे पडले. धूळ खाली बसायच्या आत गल्लीतून बायका, म्हातारी माणसं, कडेवर पोरं घेतलेल्या आया गोदामाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांत शौकत होती, दोघी मुलींसकट. कोणी काही मागितलं नाही. सगळे ट्रककडे बघत होते.

"उतरव," गार्निक म्हणाला.

"उस्ताद, हुकूम आहे. सही झाली आहे."

"खोके उतरव, मोराद. दगड काय मरतायत थोडेच."

चढवायला सकाळ लागली होती, उतरवायला पंधरा मिनिटं लागली, कारण बायकांनीही हात लावला. चौतीस माणसं चढली. गार्निकने खिशातून निळ्या पुठ्ठ्याची वही काढली आणि खिडकीतून आत दिली. एक्केचाळीस नंबरची सगळी मापं तिच्यात होती.

"ही घेऊन जा. दगडांपाशी मी बसतो. संध्याकाळी ये, तेव्हा खोके नेऊ."

"तुम्हीपण चला की," नूरमोराद म्हणाला.

"ट्रक भरलाय. जा."

नूरमोरादने ट्रक चालू केला. जागा होती का, हा प्रश्न त्याला पुढे सोळा वर्षं कोणी विचारला नाही.

संध्याकाळी परतीचा रस्ता सैन्याने बंद केला. तिसऱ्या दिवशी तो पोहोचला, तेव्हा गोदामाचं छप्पर खाली आलेलं होतं. द्रावकाची पिंपं पेटून आग दीड दिवस चालली होती. त्या धगीत चुनखडीचे दगड भाजले गेले आणि विझवायला पाणी मारल्यावर त्यांचा पांढरा चुना झाला. गार्निकला बाहेर काढलं, तेव्हा त्याच्या अंगावर तो चुना होता. नूरमोरादने तो स्वतःच्या हातांनी धुतला.

जुल्फाला पत्र त्यानेच लिहिलं. त्यात लिहिलं, 'मी त्यांना खूप विनवलं, पण ते आले नाहीत.' उत्तर आलं नाही.

युद्ध संपल्यावर प्रयोगशाळा पुन्हा उभी राहिली. यंत्रं नवी आली, माणसं नवी आली. नूरमोरादने वही कार्यालयात जमा केली, ती कपाटात गेली. तो मात्र पुन्हा कांड्या कापायला बसला. केस पांढरे झाले, द्रावकाच्या वाफेने छातीत घरघर सुरू झाली. मुली लग्न होऊन गेल्या.

त्याच्या नोकरीच्या एकतिसाव्या वर्षी तेहरानहून फरंगीस सोतुदे नावाची इंजिनिअर आली. तिशीची, अबोल, पण समोरचा बोलत असताना मान न हलवता नीट ऐकणारी. एक्केचाळीस नंबरच्या शेजारी नवी विहीर खोदायची की नाही, हे तिला ठरवायचं होतं. जमिनीवरून स्फोट करून आवाजाच्या लाटा खाली सोडलेल्या होत्या, आणि त्या सांगत होत्या की खालचा एक थर फार वेगवान आहे. विभागप्रमुख मेहरपूया यांचा हिशेब सरळ होता. वेग जास्त म्हणजे पोकळी कमी, पोकळी कमी म्हणजे तेल नाही. पत्रा ठोकल्यासारखा बंद थर. सोडून द्या.

फरंगीसने कपाटातून निळी वही शोधून काढली आणि ती चक्रावली. तिने नूरमोरादला बोलावलं.

"उस्ताद, या वहीत चूक आहे का? त्याच थरातल्या कांड्या आहेत. पोकळी अठरा टक्के आणि वेग पाच हजारांच्या वर. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा?"

सोळा वर्षांपूर्वीपर्यंत एकच माणूस त्याला 'डोंगऱ्या' म्हणायचा. 'उस्ताद' म्हणून तर कोणीच हाक मारली नव्हती. त्याने तिला घुमटाचं आणि फटीचं सांगितलं, गार्निकच्याच शब्दांत. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "हे साहेबांसमोर बोलाल?"

मेहरपूयांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण वेगावरून पोकळी काढायच्या आपल्या आलेखावर त्याचा फार जीव होता. त्यांनी वही चाळली आणि मिटली.

"आगा नूरमोराद, तुम्ही दगड छान धुता. पण ही मापं एका म्हाताऱ्याने जुन्या यंत्रावर, तोफा वाजत असताना घेतली आहेत."

"तोफा नंतर आल्या, साहेब."

"असेल. दगड कुठे आहेत? दगड दाखवा, मी पुन्हा मोजतो. दगड नाहीत. का नाहीत, तेही फायलीत आहे. हुकूम मोडून खोके ट्रकमधून उतरवले गेले. आणि आता मी त्या वहीवर विहीर खोदू? टेबलाशी बसून मनाने लिहिलेले आकडे असतील, मला काय माहीत."

नूरमोरादला आपल्याबद्दल काही वाटलं नाही. पण 'मनाने लिहिलेले' हा शब्द त्याच्या छातीत अडकला. घरी जाऊन तो जेवला नाही. शौकतने विचारलं तेव्हा म्हणाला, "उस्तादला खोटा ठरवला."

"मग खरा कोण ठरवणार? तुमच्याशिवाय आहे कोण त्याचं तिथे?" शौकत म्हणाली. मग तिने विचारलं, "तो दगड जगात तिथेच एका जागी होता का?"

नूरमोरादने तिच्याकडे पाहिलं. नव्हता. तोच थर आस्मारी डोंगराच्या घळीत उघडा पडलेला होता. त्याच्या लहानपणी हिवाळ्यात त्यांचे काळे तंबू त्याच घळीच्या तोंडाशी लागायचे.

दोन दिवसांनी फरंगीस, तो आणि पाण्याची पिंपं, असे जीपमधून निघाले. वरवरचा दगड ऊनपावसाने खाल्लेला, त्यात मापण्यासारखं काही नव्हतं. म्हणून नूरमोराद हातातल्या ड्रिलने खोल आत जात राहिला. छातीतली घरघर वाढली की खाली बसायचा, छातीचा भाता शांत झाला की पुन्हा उठायचा. फरंगीसने ड्रिल मागितलं, तेव्हा तो म्हणाला, "खानम, तुम्ही लिहा. कापताना हाताला कळतं आत काय आहे ते." चार दिवसांत त्यांनी साठ कांड्या काढल्या. त्याने त्या भिंगाखाली पाहून दोन ढीग केले, गोल आणि चपट, आणि कुठल्या ढिगाचा वेग किती येईल ते फरंगीसच्या कागदावर मोजण्याआधीच लिहायला लावलं.

प्रयोगशाळेत मेहरपूया स्वतः यंत्रापाशी उभे राहिले. सारख्या पोकळीच्या दोन कांड्या निवडल्या. गोल भोकांची पाच हजार दोनशे. फटींची तीन हजार नऊशे. कागदावर जवळपास तेच लिहिलेलं होतं.

"योगायोग असू शकतो," मेहरपूया म्हणाले.

"मग दाबून बघा, साहेब," नूरमोराद म्हणाला. "आवळत न्या. जिच्यात फटी आहेत, तिच्या फटी मिटतील आणि वेग चढत जाईल. गोल भोकंवालीला फारसा फरक पडणार नाही. ती आधीच ताठ आहे."

यंत्राच्या पोलादी कोठीत दाब वाढवत नेला. फटींच्या कांडीचा वेग चार हजारांवर गेला, मग चार हजार दोनशे, मग साडेचार हजार. गोल भोकंवाली सगळ्या दाबात मिळून जेमतेम साठ मीटरनी हलली. मेहरपूया खुर्ची ओढून बसले.

"ठीक आहे," ते म्हणाले. "वेगवान दगडात पोकळी असू शकते, मान्य. पण हा डोंगर आहे. एक्केचाळीस नंबरमध्ये कुठल्या खोलीवर गोल भोकं होती आणि कुठल्या खोलीवर फटी, हे कोण सांगणार? ते कळल्याशिवाय मी सही करणार नाही. माझ्या जागी तुम्ही असतात तरी केली नसतीत."

यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. फरंगीस वही घेऊन खिडकीशी बसली. प्रत्येक मापापुढे समासात शाईचं बारीक काहीतरी लिहिलेलं होतं, आकड्यांपेक्षाही लहान.

"उस्ताद, हे काय आहे? मला वाटलं होतं पेन झटकलंय."

"त्यांची भाषा. ते स्वतःसाठी काहीबाही लिहायचे. मी कधी विचारलं नाही."

"आर्मेनियन अहवाझमध्येही आहेत. उद्याच कोणाला दाखवू."

नूरमोरादने वही हातात घेतली. मग म्हणाला, "कोणीही वाचेल, खानम. पण ही वही त्यांच्या बहिणीची आहे. सोळा वर्षांपूर्वीच तिच्याकडे जायला हवी होती. आधी मी तिकडे नेतो."

जुल्फात विचारत विचारत तो सकाळी दहाच्या सुमारास दाराशी पोहोचला. सातेनिक आता सत्तरीची होती, काठी टेकत चालायची. त्याने नाव सांगितलं तसं ती दारातून बाजूला झाली. आत बसवलं, कॉफी ठेवली, आणि वही हातात घेऊन पहिल्या पानावरच्या अक्षरावरून बोट फिरवलं.

"त्याचं अक्षर कायम घाणेरडंच," ती म्हणाली. "मी शाळेत नापास केलं असतं."

मग ती वाचू लागली. वरचे आकडे त्याने सांगायचे, समासातले शब्द तिने. दोन हजार तीनशे चार मीटर: गोल. दोन हजार तीनशे पाच: गोल, भिंती जाड. दोन हजार तीनशे सहा: फटी. पुढे पुन्हा गोल, आठ मीटर सलग. नूरमोराद लिहीत होता. अधूनमधून दुसरंच काही यायचं. एका पानावर तिने थांबून वाचलं, "मोरादने आज कांडी इतकी सरळ कापली की घासावी लागली नाही. त्याला सांगायचं नाही, चढून बसेल."

नूरमोरादने पेन खाली ठेवलं.

सातेनिकने वही मांडीवर मिटली. "तुझं पत्र आलं होतं. खूप विनवलंस, असं लिहिलं होतंस. मी शिक्षिका आहे, नूरमोराद. पोरं खोटं लिहितात तेव्हा 'खूप' हा शब्द फार वापरतात. किती वेळा विचारलंस त्याला?"

"एकदा."

"आणि जागा होती?"

तो खाली बघत म्हणाला, "मागे नव्हती. पुढे माझ्याशेजारी होती. तिथे माझ्या बायकोचं शिवणयंत्र ठेवलेलं होतं. तिने नव्हतं ठेवलं, मीच घरातून उचलून आणलं होतं. ते खाली टाकायला एक क्षण लागला असता. माझ्या मनात आलं, आणि तोवर गाडी सुरू झाली होती."

बाहेर चर्चच्या घंटेचे ठोके पडत होते.

"तू ते टाकलं असतंस तरी गार्निक आला नसता, असं मी म्हणावं म्हणून आलास का?"

"नाही, खानम."

"मग मी म्हणत नाही. मला माहीत नाही तो आला असता की नाही. तुलाही माहीत नाही." तिने काठी भिंतीला टेकवली. "कितीजण होते ट्रकमध्ये?"

"चौतीस."

"त्यांत तुझ्या मुली?"

"दोघी. थोरलीला आता तीन पोरं आहेत."

"नावं सांग."

त्याने नातवंडांची नावं सांगितली. तिने ती हळूहळू, एकेक करून पुन्हा उच्चारली. मग त्याचा पेला उचलून आत गेली, थंड झालेली कॉफी ओतून टाकली आणि नवी करून आणली. "पी," ती म्हणाली. "अजून चाळीस पानं आहेत. दुपारी तू इथेच जेवशील."

समासातले शब्द आणि वेग ताडून पाहिले, तेव्हा एकूण दोनशे बारा कांड्यांपैकी फक्त नऊ ठिकाणी गोंधळ निघाला. मेहरपूयांनी रात्र न घालवता त्याच दुपारी सही केली. विहीर खोदली. वेगवान थरात तेल निघालं. फार नाही, पण बऱ्यापैकी, आणि अजूनही निघतंय. अहवालावर पहिलं नाव गार्निकचं आहे, दुसरं फरंगीसचं. नूरमोरादचं नाव तिसरं घालायचं म्हणून फरंगीसने खूप आग्रह धरला. त्याने ते नमुने कापणारा म्हणून शेवटच्या पानावर घालू दिलं, वर नाही.

निवृत्तीच्या आठवडाभर आधी कार्यालयातून माणूस आला. वही कंपनीची मालमत्ता आहे, ती कपाटात परत दिसली पाहिजे, असं त्याने सांगितलं.

"प्रती काढून दिल्यात की," नूरमोराद म्हणाला. "एकही पान सोडलेलं नाही."

"मूळ वही हवी आहे. ती कुठे आहे?"

"जुल्फात," नूरमोराद म्हणाला आणि भट्टीतून कांड्यांची ताटली बाहेर काढू लागला. "बाई वाचतायत. आकडे त्यांना कळत नाहीत, पण बाकीचं कळतं."

माणूस जरा वेळ उभा राहिला. मग त्याने आपल्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि निघून गेला.